बिंडेमामांचा पांगारा

बिंडेमामा घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी त्याच्या हातात लाकूड द्यायचे. हातभर लांबीचा, मांडीएवढा जाड ओंडका. माणूस दोन्ही हात खाली धरून, कंबर सावरून तो घ्यायला जायचा आणि ओंडका एकदम छातीपर्यंत वर यायचा, कारण लावलेला जोर वायाच गेलेला असायचा. मामा गालात हसायचे. "कळलं का काही हातात?" समोरचा न्हाई म्हणाला की खूश व्हायचे. "न्हाई ना कळलं? मंग झ्याक हाय." एकदा नवे तलाठी वस्तीवर आले तेव्हा त्यांच्याही हातात मामांनी ओंडका दिला होता. जाताना तलाठी मुलाच्या पोहण्यासाठी एक मागून घेऊन गेले.

ते लाकूड पांगाऱ्याचं. आमच्या उदगीरकडच्या भागात तेव्हा पानमळे होते आणि पानवेलींना चढायला म्हणून मळ्यात पांगारे लावत. होळीच्या सुमारास त्यांची पानं झडून जात आणि काटेरी उघड्या फांद्यांवर लालभडक फुलं येत. मामा अशाच एका मळ्यात सालगडी होते. मळ्याचे मालक उदगीरच्या मोंढ्यातले व्यापारी. जुना पांगारा काढून नवा लावायची वेळ आली की जुन्याचं खोड मामांना मिळायचं. मालकाला त्याचा काही उपयोग नव्हता. पांगाऱ्याला खिळा धरत नाही, त्याचं दार होत नाही, चौकट होत नाही, चुलीत घातला तर धूरच फार. गावातला सुतार मामांना म्हणायचा, "मामा, सागवान कापायचं सोडून तुमी हा भुसा काय कापत बसता?" मामा म्हणायचे, "तुझं सागवान बुडतंय, माझा भुसा तरंगतोय. हिरीत पडलास तर कुणाला मिठी मारशील सांग."

त्या खोडाचे मामा बिंडे करत. बिंडा म्हणजे पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला दोरीनं बांधायचा ओंडका. उरल्या तुकड्यांतून पोळ्याचे बैल, पोरांच्या गाड्या, डब्यांची झाकणं होत. तलावावरचे भोई जाळ्याला बांधायला बारीक तुकडे मागून नेत. पण मामांचं नाव पडलं ते बिंड्यांवरून. मतदारयादीत त्यांचं दुसरं नाव होतं, ते फक्त निवडणुकीच्या दिवशी ऐकू यायचं.

बिंडा करणं म्हणजे लाकूड तोडून दोरी बांधणं, असं आम्हाला वाटायचं. मामांच्या लेखी ते वर्षाचं काम होतं. खोड पानगळीत तोडायचं, काट्यांसकट साल काढायची, सावलीत दगडांवर आडवं ठेवायचं आणि पंधरवड्याला कूस बदलायची. उन्हात ठेवलं तर चिरतं, मातीवर ठेवलं तर कीड लागते. वाळलं की चुलीवर आढ्याला टांगून धूर द्यायचा, मग जवसाचं तेल चोळायचं. एवढं करूनही मामांचा त्या लाकडावर विश्वास नसे. दर वर्षी शिकवणी सुरू करायच्या आधी ते प्रत्येक बिंडा दगड बांधून सकाळी पाण्यात बुडवत आणि दिवस मावळताना काढून हातावर तोलत. सकाळी होता तेवढाच भरला तर ठेवायचा. जड झाला तर कुऱ्हाड. "प्यालं हे," म्हणायचे. "आतनं पोखरलंय. पांगारा मऊ हाय, किड्याला लई आवडतो. वरनं गुळगुळीत दिसंल, पर पाणी खोटं बोलत न्हाई."

मामा पोहायला शिकवत ते मुलींना. मुलगे आपापले शिकत, विहिरीत ढकलून दिले की हातपाय मारत वर येत. मुलींना कोण ढकलणार? मामांनी हे का सुरू केलं ते मला माझ्या आईनं सांगितलं. तरुणपणी ते पंचक्रोशीत पाणबुडे म्हणून प्रसिद्ध होते. विहिरीत कळशी पडली की मामांना बोलावणं यायचं आणि बाई पडली तरी मामांनाच. पोलीसपाटलाचा माणूस सायकलवर येऊन नुसता उभा राहिला की मामा समजायचे. पाणी शेंदताना पाय घसरलेल्या, पायरीवरून गेलेल्या कितीतरी बाया त्यांनी खांद्यावर वर आणल्या. एकदा नव्या लग्नाच्या एका पोरीला वर काढलं. तिच्या मुठीत विहिरीच्या कडेचं गवत होतं. काठ हातभरच लांब होता. दोन हात मारता आले असते तर वाचली असती. तेव्हापासून मामा बिंडे करू लागले.

वस्तीत आधी लोक हसले. आमच्या आजोबांच्या पारावर एक म्हातारा म्हणाला, "पोरींना पोहायला शिकवून काय समुद्रात धाडायचंय व्हय रं?"

"समुद्रात कशाला?" मामा म्हणाले. "हिरीवरच धाडायचंय. रोज घागर घेऊन जातातच की."

मी दहा वर्षांची असताना शिकले. परकराचा काचा मारून पायरीवर उभी होते. मामांनी पाठीला बिंडा बांधला, दोनदा गाठ ओढून पाहिली आणि म्हणाले, "वच्छे, पाणी तुला धरायला येत न्हाई. तूच त्याला धरतीस, म्हणून बुडतीस. सोड." मी सोडलं नाही, त्यांचा हातच धरून ठेवला. मग त्यांनी हळूच एकेक बोट सोडवलं. त्या उन्हाळ्यात आम्ही सात मुली शिकलो. शेवटच्या दिवशी मामा बिंडा सोडून घेत आणि मुलीला एकटीला विहिरीच्या दोन फेऱ्या मारायला लावत. फेऱ्या झाल्या की वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बसवून गूळ-शेंगदाणे देत. माझ्या शिक्षणाची सुरुवात कुठून झाली असं कुणी विचारलं तर मला शाळेच्या आधी ती विहीर आठवते. मुलीला एखादी गोष्ट येऊ शकते, ती तिला आली पाहिजे, असं मला पहिल्यांदा म्हणणारा माणूस मामा होता. मी सातवीनंतर उदगीरला शिकायला जाणार म्हटल्यावर वस्ती आईला बोलायला लागली, तेव्हाही मामाच आले होते. "बिंडा सोडलेली पोरगी हाय ही," आईला म्हणाले. "जाऊ दे."

माझी धाकटी बहीण कमल माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिची पोहायला शिकायची वेळ आली तेव्हा दुष्काळ आला.

आमचा तालुका नुकताच नव्या लातूर जिल्ह्यात आला होता. जिल्ह्याचं गाव आता जवळ आलं याचा लोकांना आनंद झाला होता. लातुरात नवी कचेरी, नवे रस्ते, नवे कारखाने अशा बातम्या यायच्या. पाऊस मात्र एक वर्ष आला नाही, मग दुसरं वर्ष आला नाही. पानमळे वाळले. मामांच्या मालकानं मळा मोडला आणि उभे पांगारे लातूरच्या एका खोकी बनवणाऱ्याला विकले. हलकं लाकूड खोक्यांना चालतं, असं तेव्हा कळलं. ट्रक भरून गेला तेव्हा मामा बांधावर उभे होते. "एक तरी ठिवायचा," एवढंच म्हणाले. नवीन बिंडा करायला त्यांच्याकडे लाकूड उरलं नाही. मालकाकडचं कामही गेलं आणि मामा रोजगार हमीच्या खडीवर जाऊ लागले.

कमल त्यांच्या मागे लागायची. "मामा, मला कधी शिकवता?"

"हिरीला पाणी येऊ दे."

"तुमी मागल्या साली बी हेच म्हनला होता."

"मागल्या साली बी पाणी न्हवतं की गं."

वस्तीची विहीर त्या काळात सरकारी कामात खोल केली. सुरुंग लावले, त्यात खालच्या पायऱ्या उडाल्या. चार पुरुष खोल गेलं तरी तळाला ओल तेवढी लागली. मग टँकर सुरू झाला. टँकर सगळं पाणी त्या विहिरीतच सोडून द्यायचा आणि बायांनी ते शेंदून घ्यायचं. टँकरचा आवाज आला की वस्तीतल्या साऱ्या बाया, पोरी बादल्या-दोर घेऊन धावत. ज्याची बादली आधी पडेल त्याला स्वच्छ पाणी, मागून येणाऱ्याला गाळ. उघड्या काठावर खांद्याला खांदा लावून तीस-चाळीस जणी वाकलेल्या असत. मामांनी ते पाहिलं आणि त्यांचं जेवण गेलं. मामींनी आईला सांगितलं, "ताटावर बसत्यात आन् हिरीकडंच बघत्यात."

त्यावर त्यांनी उपाय काढला. आपल्याकडचा एक जुना बिंडा लांब दोर बांधून विहिरीच्या काठच्या खांबाला टांगून ठेवायचा. कुणी पडलंच तर वरून टाकायचा आणि धरलं की ओढायचं. वस्तीत पोहणाऱ्या मुली होत्या, पण मामांनी शिकवलेल्या बहुतेक जणी एव्हाना लग्न होऊन दुसऱ्या गावच्या विहिरींवर गेल्या होत्या. गडीमाणसं दिवसभर खडीवर. तेव्हा हा बिंडाच काय तो.

त्या आठवड्यात रविवारी मी उदगीरहून घरी आले होते. पहिल्या वर्षाची परीक्षा जवळ होती. आई सरपणाला गेली होती आणि मी दारात पुस्तक घेऊन, खरं सांगायचं तर पाण्याच्या डरमावर राखण करत बसले होते. मामा खांद्यावर बिंडा घेऊन आले.

"वच्छे, डरमात पाणी हाय का गं?"

"आहे अर्धा."

"दिसभर ह्याला त्यात बुडवून ठिवायचा हाय. दोन सालं झाली, हा पाण्यात गेला न्हाई. सांजच्याला काढून घेतो."

"मामा, लाकूड बुडवल्यावर ते पाणी प्यायचं कसं? कडू नाही का होणार?"

"भांड्याला घ्या की."

"टँकर परवा आहे. आई आल्यावर मला काय म्हणेल? प्यायला नाही आणि लाकडाला कुठून पाजायचं?"

मी हे रागानं म्हटलं नाही, हसतच म्हटलं. मामाही हसले. "खरं हाय," म्हणाले. "तिघी-चौघींनी हेच सांगितलं. हिरीत बुडवला तर बाया मला मारतील." मग त्यांनी बिंडा हातावर तोलला आणि सवयीनं माझ्या हातात दिला. "बघ बरं."

मी तोलून पाहिला. "हलका आहे मामा. आधीपेक्षा हलका वाटतो."

"वाळला असंल," ते म्हणाले. "उन्हं बी कसली पडल्यात." आणि घेऊन गेले. माझ्या तळहाताला पिवळसर पिठासारखं काही लागलं होतं. मी ते परकराला पुसलं आणि पुस्तक उघडलं. धूळ असेल असं वाटलं. पांगाऱ्याला कीड लागली की असंच पीठ गळतं, हे मामांच्या अंगणात दहा वेळा पाहिलेलं होतं.

परीक्षेचा तिसरा पेपर देऊन मी बाहेर आले तर आमच्या वस्तीतला एक जण सायकल घेऊन कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. त्याच्या उभं राहण्यावरूनच मला कळायला हवं होतं.

झालं ते शेजारच्या जनाबाईंनी सांगितलं. टँकर आला, बाया धावल्या. कमल पुढे होती. तिची बादली दुसऱ्या दोरात अडकली, ती सोडवायला वाकली आणि मागून रेटा आला. मुद्दाम कुणी ढकललं नाही. पाणी दीड पुरुष होतं. कमल वर आली, ओरडली. जनाबाईंनीच खांबाचा बिंडा सोडून खाली टाकला. तो आधी उडालेल्या पायरीच्या खडकावर आपटला आणि मधोमध, दोरी बांधलेली होती तिथंच, फुटला. आत नुसता भुसा. दोर मोकळा वर आला. कमलच्या हाताला एक तुकडा लागला, तो तिनं धरला आणि तो तिच्यासकट खाली गेला. खडीवरून मामा धावत येईपर्यंत, दोरावरून खाली उतरेपर्यंत जो वेळ गेला तो गेला. दोरानं त्यांच्या तळहातांची सालटं निघाली होती. त्यांनी तिला खांद्यावर वर आणली. ती बारा वर्षांची होती.

मी पोहोचले तेव्हा विहिरीवर पंचनामा चालला होता. जमादार खाटेवर बसले होते, समोर बिंड्याचा फुटका तुकडा ठेवलेला होता. आई विहाराच्या ओट्यापाशी बायांमध्ये पडली होती. जमादारांनी विचारलं, "हे इथं कुणी टांगलं?"

"म्या," मामा म्हणाले.

"तुम्ही दर वर्षी पाण्यात घालून बघता म्हणे. ह्या वेळी बघितलं होतं?"

"न्हाई."

"का?"

मी पाच पावलांवर उभी होते. मामांनी मान वर केली नाही. "इसरलो साहेब," म्हणाले.

तो माणूस एकही बिंडा कधी विसरला नव्हता. ज्यांनी पाणी नाही म्हटलं त्या तिघी-चौघी तिथंच होत्या. कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

त्यानंतर मामांनी उरलेले बिंडे कुऱ्हाडीनं फोडले. काही चांगले, घट्ट निघाले. मामींनी ते चुलीत घातले, तेव्हा दोन दिवस घरात धूर होता. पण विहीर त्यांनी सोडली नाही. टँकरच्या दिवशी ते खडीवर जात नसत, तेवढी मजुरी बुडे. कमरेला दोर बांधून, त्याचं दुसरं टोक खांबाला गुंडाळून काठावर बसून राहत. बाया म्हणत, "मामा, मधी बसू नका, सरका." ते थोडे सरकत, उठत नसत. पोरं त्यांना चिडवू लागली, "मामांना दाव्याला बांधलंय." ते फक्त माझ्या आईसाठी उठत. आई मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी येई, गाळ उरला असेल तेव्हा. ती लांबून दिसली की मामा दोर सोडून बाभळीमागे जाऊन उभे राहत आणि ती घागर भरून गेली की परत येत. आईनं त्यांच्याकडे कधी पाहिलं नाही. त्यांच्या घरचं पाणी सोडलं, त्यांच्या नातवाच्या लग्नाला गेली नाही. तिच्या तोंडी एकच असे, "ह्या म्हाताऱ्यानं माझी कमल बुडवली."

पुढे पाऊस झाला. विहीर काठोकाठ भरली. त्या उन्हाळ्यात मुलींना शिकवायला कुणी मामांना सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. आमच्या शिवारात पांगारा उरला नव्हता. खोकीवाल्याचा ट्रक दुसऱ्यांदा आला होता आणि बांधावरचेही नेले होते.

मी बी.ए. झाले. वस्तीतली पहिली. नांदेडला सरकारी कचेरीत नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन मामांकडे गेले. आईला सांगितलं नाही. मामा खाटेवर बसले होते, तळहातांवर दोराचे पांढरे वण होते. त्यांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

मी म्हटलं, "मामा, तुम्ही विसरला नव्हता. पाणी मी दिलं नव्हतं."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुणापाशी बोललीस का हे?"

"नाही. आईला सांगणार आहे."

"नगं."

"का पण? ती तुम्हाला..."

"मला दे म्हण की शिव्या. मी हाय किती दिस आता?" मग जरा पुढे झुकले. "वच्छे, तिला बोल लावायला एक माणूस घावलंय, म्हणून ती उभी हाय. त्ये काढून घेतलंस तर रोज सकाळी उठून ती कुणाकडं बघंल? तुझ्याकडं. एकच लेक ऱ्हायली तिला. तिच्याकडनं ती बी नेऊ नको." आणि पेढा परत माझ्या हातात ठेवत म्हणाले, "हातात घेतल्यावर कळायला पायजे होतं मला. तोलायचं काम माझं होतं, तुझं न्हाई. जा आता. गाडी चुकंल."

गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी उठले आणि गेले. मला तेव्हा हलकं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते पण तेच खरं आहे. त्या माणसानं मला पहिल्यांदा पाण्यात सोडलं होतं, आणि आता माझ्या वाटणीचंही स्वतःवर घेऊन मला मोकळं केलं होतं, आणि मी ते घेतलं. नोकरी केली, आईला नांदेडला आणलं, लग्न झालं, मुलं शिकली. मनात शंभरदा आलं की आज सांगावं. सणाला, कमलच्या दिवसाला, आई एकटी बसलेली असताना. प्रत्येक वेळी मामांचं ते बोलणं आठवे आणि मी गप्प बसे. त्यांचं ऐकत होते की स्वतःला वाचवत होते, हे मला अजून सांगता येत नाही.

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रजा टाकून गेले. वस्तीतले थोडेच लोक होते. ज्या सात मुली एका उन्हाळ्यात शिकलो त्यांतली मी एकटीच तिथं होते. बाकीच्यांपर्यंत निरोप गेलाच नव्हता. मी माती दिली. आईला कचेरीच्या कामानं लातूरला जाते असं सांगितलं होतं, पण अशा गोष्टी लपत नाहीत. कुणीतरी फोनवर तिला सांगितलंच.

ती तेव्हा काही म्हणाली नाही. गेल्या वर्षी, शेवटच्या आजारात, एका दुपारी मी तिचं अंग पुसत होते. तेव्हा तिनं एकाएकी विचारलं, "त्या म्हाताऱ्याला माती द्याया गेलतीस म्हणं. कशापायी गेलतीस?"

मी फडकं बादलीत पिळलं. सांगायला तेवढीच एक दुपार उरली होती, हे मला कळत होतं.

"मला पोहायला शिकवलं होतं त्यांनी," मी म्हणाले.

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुला शिकवलं. कमलला न्हाई शिकवलं," आणि तिनं भिंतीकडे कूस बदलली.